शेअर बाजारातला फुगा आणि बोटावरची शाई, इकॉनॉमिक्सला दोन्ही कळत नाही?

काडीपेटी:
कॉलेजात शिकवलं माणूस रॅशनल, म्हणजे नफा-तोटा बघून ठरवणारा असतो आणि भावात सगळी माहिती आधीच आलेली असते. मग जून २०२४ आठवा, ३ तारखेला एक्झिट पोल बघून सेन्सेक्स अडीच हजार अंक वर आणि ४ तारखेला मतमोजणी चालू असताना जवळजवळ ४,४०० अंक खाली. एका रात्रीत देशातले कारखाने पळून गेले का? मतदाराचं तर अजून अवघड, एका मताने खासदार ठरायची शक्यता जवळपास शून्य तरी लोक मे महिन्याच्या उन्हात रांगेत.

मागणीपुरवठा:
उदाहरण चुकलं तुमचं. एक्झिट पोल ही माहिती होती, ती भावात धरली, खोटी निघाली, भाव उतरले. बाजाराला भविष्य दिसतं असं कोण म्हणालं? तो दिवस तर माझा साक्षीदार आहे.

काडीपेटी:
बरं, १९९२ घ्या. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर २०० रुपयांच्या आसपासचा ९,००० वर. गोणीत सिमेंटच होतं ना?

मागणीपुरवठा:
तिथे रेडी फॉरवर्डच्या (आज रोखे विकायचे, ठरलेल्या दिवशी परत घ्यायचे, असा बँकांचा व्यवहार) नावाखाली बँकांचा पैसा बाजारात आला होता. एवढा पैसा मोजक्या शेअर्सवर पडला की भाव चढणारच, आणि चढत्या भावात बसून राहणं मूर्खपणा नाही, आपल्यापेक्षा मोठा बकरा सापडेल अशी खात्री असेल तर.

डिमॅट आजोबा:
तो बकरा मी :) ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे टिपा वाटायचे, ताळेबंद एकानेही उघडला नव्हता, शेजाऱ्याने फ्लॅट बुक केला आणि आपण मागे राहिलो एवढंच डोक्यात. आणि बकऱ्याचा हिशोब म्हणाल तर व्हर्नन स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये प्रयोग छापलाय, शेअरला किती डिव्हिडंड (नफ्यातला वाटा) मिळू शकतो हे सगळ्यांना आधीच सांगितलं होतं तरी भाव त्याच्या कितीतरी वर गेले, म्हणजे फुगा आला. तेच लोक पुन्हा पुन्हा खेळले तेव्हा कमी झाला म्हणा. आमच्यासारख्यांना मात्र शिकायची फी भरावी लागते.

लासलगावकर:
मतदाराला वेडा म्हणू नका राव. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यात बंद केली, भाव पडले, लोकसभेला दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्यात महायुती जोरात, तोवर लाडक्या बहिणीचे दीड-दीड हजार खात्यात आलेले. सगळं त्यानेच झालं असं नाही म्हणत, पण हिशोब आम्हालाही येतो.

मागणीपुरवठा:
हेच तर मी म्हणतोय!

काडीपेटी:
कोणाला द्यायचं ते कळलं, पण जायचंच कशाला? हा प्रश्न अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ ला मांडला. मग १९६८ मध्ये रायकर आणि ऑर्डेशूक या राज्यशास्त्रज्ञांनी मतदानाच्या नफा-तोट्याच्या समीकरणात कर्तव्याचं समाधान घुसवलं आणि उत्तर जुळवलं. असं चालणार असेल तर काय वाट्टेल ते सिद्ध होईल, गेला कारण त्याला आवडलं, नाही गेला कारण नाही आवडलं. थिअरी चुकणार कधी?

मागणीपुरवठा:
चुकू शकते की. जायचा त्रास वाढला, पाऊस पडला, बूथ लांब गेलं तर मतदान घटायला हवं. नाही घटलं तर तुम्ही जिंकलात.

लासलगावकर:
त्रासाचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे जीप भरून जातात, आणि घरी राहिला तर पारावर विचारतात, का रे, शाई कुठंय? हे कुठल्या समीकरणात?

मागणीपुरवठा:
बसतं की. न जाण्याची किंमत.

काडीपेटी:
घ्या, परत घुसवलं!!