आजोबांची ओमेगा: डायल रंगवून घेऊ काय?

बर्डीकर: आजोबांच्या पेटीत ओमेगा कंपनीचं कॉन्स्टेलेशन हे मनगटी घड्याळ सापडलं. पोलादी, ऑटोमॅटिक. मागच्या झाकणावर वेधशाळा अन् आठ तारे. डायल पिवळी पडली, सहाजवळ डाग आहे. सीताबर्डीचे घड्याळजी म्हणतात, रंगवून नवी करून देतो. देऊ काय?

काटेकोर: अजिबात नको भाऊ! डायल उजेडात तिरपी धरा. मधला भाग सपाट अन् कडेला बारा पैलू उतरलेले, पालथ्या ताटलीसारखे? मग तेच तिचं रूप. रंगवायच्या आधी घासतात, त्यात पैलूंच्या कडा बोथट होतात, अक्षरं जाडी येतात. मी बाबांच्या घड्याळाचं हेच करून बसलो. डायल चकचकीत, पण खालचं 'स्विस मेड' गायब! अजून जीव जळतो.

धरमपेठी: आत ओमेगाची 561 नंबरची मशीन असेल तर 24 रत्नं (घर्षण कमी करणारे खडे), तासाला 19,800 टिकटिक. त्या मशीनची तांबूस झळाळी पाहूनच मन भरते. आधी सफाई अन् तेल करा, तोवर हातात घालू नका. सुकल्या तेलात भाग झिजतात. अन् उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवू नका बावा, ओल डायलची वैरी.

बर्डीकर: पैलू मोजले, बाराच्या बारा. डाग राहू देतो.