एरंडेलाच्या वासाची विमानं : भाचे, नातवंडं आणि आपण

मंडळी, गेल्या दिवाळीत आईकडे माळा आवरताना माझी जुनी पत्र्याची ट्रंक खाली आली. आत बाल्साच्या हलक्या लाकडाचे तुकडे, वाळून दगड झालेली डोपची (विमानाच्या कागदाला लावायच्या लॅकरची) बाटली आणि जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेलं, खेळण्यातल्या विमानाचं दीड सीसीचं डिझेल इंजिन. कलकत्त्याचं, ऑरोरा. बारावीत असताना पैसे साठवून मागवलेलं. अकरा वर्षांच्या भाच्याने ते हातात घेतलं, चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "मामा, ह्याची बॅटरी कुठे टाकतात?"

मी ते फडकं त्याच्या नाकाशी धरलं. ज्यांनी ही इंजिनं चालवलीत त्यांना तो वास सांगायला नको. इथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण सारखे भाग. बोटाने इंजिनाचा पुढचा पंखा फटकारायचा, वरचा कॉम्प्रेशनचा दांडा जरा जरा पिळत राहायचं आणि इंजिन पेटलं की बोट वेळेत मागे घ्यायचं. मी एकदा नाही घेतलं. तीन टाके. भाच्याला वास आवडला नाही, पण तर्जनीवरचा व्रण फारच आवडला.

इंजिन मात्र जाम. एरंडेल वर्षानुवर्षं आत राहिलं की वार्निशसारखं घट्ट होतं. पंखा तसूभर हलेना, आणि इथर तरी आता आणायचं कुठून? म्हटलं, साध्या चक ग्लायडरपासून सुरुवात करू. हातात धरून फेकायचं, बस. इथेच मी चुकलो. मापं मी घेतली, बाल्सा मी कापला, पंखाला घासून गोलाई मी आणली. पंख टोकांना किती उचलायचे तेही मीच ठरवलं. भाचा फेविकॉलची बाटली धरून उभा. विमान झकास उडालं, गच्चीवरून थेट शेजारच्या बंगल्याच्या आंब्यावर. "छान आहे मामा," म्हणाला आणि मोबाईल उघडून बसला. पाहुण्यांकडच्या गार पोह्यांना आपण ज्या आवाजात छान म्हणतो, तसं.

पुढच्या रविवारी मी अक्षरशः मांड्यांखाली हात घालून बसलो. त्याने पट्टी न लावता पंख कापले. एक पंख दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब झाला होता. मला दिसत होतं, जीभ चावून गप्प राहिलो. विमान गिरकी घेऊन तुळशीच्या कुंडीत. पुन्हा गिरकी, पुन्हा कुंडी. चौथ्यांदा त्याने पंख सोडवून एकावर एक ठेवले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हा मोठा झालाय." त्या दिवशी मोबाईलची आठवण रात्री जेवताना झाली.

तुम्ही कोणाला शिकवलंत? काय बिघडलं? पोरांनी भीक घातली की नाही? लिहा. जाम इंजिन मोकळं करायचा उपाय माहीत असेल तर तोही. एक विनंती : तळपद्यांनी राइट बंधूंच्या आधी मुंबईत विमान उडवलं की नाही, हा वाद इथे नको. १८९५ सालची चौपाटी प्रत्येक चर्चेत येऊन उतरते.

निवृत्त आजोबा, ओझर

मी विमानं केली ती पगारासाठी. १९७८ ला इथल्या एचएएलच्या विमान कारखान्यात लागलो आणि पुढची कित्येक वर्षं मिग-२१ ला रिव्हेट मारले. घरी येऊन पुन्हा खेळण्यातलं विमान करावं असं कधी मनात आलं नाही. आचारी घरी स्वयंपाक करतो का?

नात आठवीत आहे. वाढदिवसाला तिला मिग-२१ चा प्लास्टिकचा संच मिळाला, १:७२ मापाचा. तिने आधी गणित केलं. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, भागिले ७२ म्हणजे दहा सेंटिमीटरही नाही. मग म्हणाली, "आबा, तुम्ही मारलेला रिव्हेट दाखवा यात." मीही हिशेब केला. चार मिलिमीटर डोक्याचा रिव्हेट ७२ ने भागला तर केसाएवढा उरतो. माझी नोकरी त्या विमानावर डोळ्यांना दिसतच नाही! दोघंही हसलो, पण मला जरा लागलंच.

संचात लाल रशियन तारे होते. मी म्हटलं, हे चालणार नाही, आपल्या हवाई दलाचं तिरंगी चक्र पाहिजे. उपाय तिनेच काढला. आजीच्या टिकल्यांच्या पाकिटातून तीन मापांच्या टिकल्या घेतल्या. आधी हिरवा रंग, तो वाळला की लहान टिकली चिकटवायची. त्यावर पांढरा रंग आणि मधली टिकली. मग भगवा आणि मोठी टिकली. शेवटी सगळ्यावर चंदेरी. टिकल्या सोलल्या की आत चक्र तयार.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून टिकल्या सोलत होतो. दोन चक्रांच्या कडा फुटल्या, रंग आत शिरला होता. ते पुन्हा करायला ती तयार होती. मी नको म्हणालो.

काका, कोल्हापूर

आमच्याकडे बाल्सा कुठला! टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल हेच आमचं लाकूड. २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर दुकानातून शीट गायब झाली. बंदी चुकीची म्हणत नाही, पंचगंगेत काय काय तरंगायचं ते पाहिलंय. आता पुतण्या जाहिरातींच्या फलकांचा जुना सनपॅक (पोकळ प्लास्टिकचा पत्रा) आणतो. जड असतं, पण आपटलं तरी मोडत नाही.

एक सावधगिरी : झटपट चिकटणारा गोंद थर्माकोलला लावू नका. पुतण्याने लावला आणि पंखाला बशीएवढं भोक पडलं. त्याला ते इतकं भारी वाटलं की उरलेला पंखही त्याने मुद्दाम वितळवून पाहिला.

आत्या, सोलापूर

धागा काढणाऱ्यांच्या "हात मांडीखाली" प्रकाराशी मी पूर्ण सहमत नाही. मी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते, तिथे एरोमॉडेलिंग शिकले. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी तोल शिकवला होता. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर दोन्ही बाजूंनी बोटं टेकवायची आणि विमान उचलायचं. आडवं राहिलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर नाकात चिकणमाती दाबायची. हे आधी सांगितलं नाही तर पोर पाच वेळा आपटून "मला येतच नाही" म्हणून सोडून देतं. मुली तर लवकर सोडतात. त्यांना येत नाही म्हणून नाही. आसपासचे चार जण "राहू दे गं" म्हणायला टपलेलेच असतात, म्हणून.

भाची सातवीत. तिला तोल सांगितला, बाकी सगळं तिचं तिने केलं. नाक जड झालं की विमान सरळ जमिनीत घुसतं. शेपूट जड झाली की वर चढतं, हवेत थबकतं, पडतं, पुन्हा चढतं. तिने ह्या दुसऱ्या प्रकाराला "बेडूक" नाव दिलं. आता घरात जो कोणी मूडप्रमाणे चढतो-पडतो तो बेडूक. सध्या तिचे बाबा.

कंट्रोल लाइनही दाखवली. दोन बारीक पोलादी तारा, हातात मूठ, आणि विमान आपल्याभोवती गोल गोल. मूठ कलवली की वर किंवा खाली, एवढाच ताबा. सातव्या फेरीला मला चक्कर येते, तिला येत नाही. पण मैदानावरून विजेच्या तारा जात असतील तर हा खेळ मुळीच नको. आम्ही त्यासाठी दोन मैदानं सोडली.

मावशी, न्यू जर्सी

इथे पोरांचं पहिलं विमान बरेचदा "डेल्टा डार्ट" असतं. गंमत अशी की नकाशा थेट पातळ कागदावरच छापलेला असतो. बाल्साच्या काड्या त्या रेघांवर चिकटवायच्या, वाळल्यावर कागद कडेने कापायचा, की पंख तयार. रबरबँडवर उडतं.

भाच्याने केलेलं विमान व्हिडिओ कॉलवर सांगलीच्या अप्पांना दाखवलं. अप्पा म्हणाले, "रबराला एरंडेल चोळ, नाहीतर तुटेल." भाच्याला मराठी समजतं, पण एरंडेल नाही. मी कॅस्टर ऑइल म्हटलं तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं, कारण कोणत्या तरी कार्टूनमध्ये ते वाईट मुलांना पाजतात. अप्पा म्हणाले, आम्हालाही पाजायचे, चांगल्या मुलांनासुद्धा. तेल लावल्यावर शाळेच्या जिममध्ये विमान छताच्या पंख्यापर्यंत गेलं आणि सावकाश गोल फिरत खाली आलं.

त्याला एक गोष्ट सांगितली, ती फार आवडली. पेनो नावाच्या फ्रेंच माणसाने १८७१ मध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत रबरावरचं विमान ११ सेकंद उडवलं. त्याच्याच धर्तीचं, रबरावर चालणारं एक उडतं खेळणं १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी घरी आणलं. पोरांनी ते मोडेपर्यंत खेळलं आणि मग स्वतः तसली करायला घेतली. "म्हणजे त्यांनीपण मोडलं?" एवढंच त्याने विचारलं.

बाबा, ठाणे

मला नाही जमलं. तेही लिहायला हवं ना? मुलासाठी परदेशातून संच मागवला, टेबल आणलं, दिवा आणला. तो दोन दिवस बसला. माझा आवाज चढायला लागला, "अरे सरळ काप", "अरे डाग पडला". तिसऱ्या दिवशी त्याला अभ्यास आठवला. अभ्यास! तेव्हाच समजायला हवं होतं.

दोन वर्षांनी तोच कॉम्प्युटरवर सिम्युलेटर उडवायला शिकला, आणि मग त्याने मला फोमबोर्डचं विमान करायला लावलं. कापायला मी, शिकवायला तो. नऊ ग्रॅमचे सर्व्हो (विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ब्रशलेस मोटर, दोन सेलची लिपो बॅटरी. सेल ४.२ व्होल्टवर थांबवायचा, चार्जिंगला लावून झोपायला जायचं नाही, हे त्याने मला बजावलं. मी त्याला कधी काही इतक्या शांतपणे सांगितलं नव्हतं.

हल्ली सगळे ड्रोनचे नियम विचारतात म्हणून : २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं ते नॅनो, त्याला बऱ्याच कटकटींतून सूट आहे. तरी उडवण्याआधी सरकारी नकाशावर हिरवा भाग पाहून घ्या. विमानतळाच्या जवळ तर नकोच.

आणि इंजिनासाठी : हेअर ड्रायरने गरम करा. जुनं एरंडेल उष्णतेने मऊ पडतं. पक्कड लावून पंखा पिळू नका, आतला दांडा वाकेल.

आजी, गुहागर

आम्ही माडाच्या झापाचे हीर आणि पतंगाचा कागद वापरतो, खळ भाताची. हीर पाण्यात भिजवला की हवा तसा वाकतो. पावसाळ्यात पडवीतल्या पडवीत उडवायचं. नातू मुंबईहून मे महिन्यात येतो, जाताना दोन विमानं पिशवीत घालून नेतो. एसटीत दरवेळी एक मोडतं. म्हणून आता तीन करतो.

धागा काढणारा मामा, पुणे

सगळ्यांचे आभार. आत्यांचं पटलं, तोल भाच्याला सांगून टाकला. त्याने लगेच आईच्या लाटण्यापासून चपलेपर्यंत घरातल्या सगळ्या वस्तू बोटांवर तोलून पाहिल्या.

काल बहिणीचा हेअर ड्रायर लावला. दहा मिनिटं काही नाही. मग एक्झॉस्टमधून मधासारखा तपकिरी थेंब आला आणि पंखा अर्धा इंच सरकला. भाच्याने ओरडून घर डोक्यावर घेतलं. रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलं. आज सकाळी पंखा पूर्ण फिरतो, वर नेताना गच्च लागतो, मग 'टप' करून सुटतो. कॉम्प्रेशन शाबूत आहे.

इथर काही आणणार नाही. पण भाचा सकाळपासून जाता-येता 'टप' करून जातोय, आणि बोट दरवेळी वेळेत मागे घेतोय. बहिणीला तिच्या ड्रायरचा वास अजून सांगितलेला नाही.