अ ते ज्ञ पाठ आहे पण वाचता येत नाही, क्लास लावू का?

शाहूपुरीची_आई: मुलगी साडेचार वर्षांची. क ख ग गाण्यासारखं धडाधड म्हणते पण मधलाच 'ब' दाखवला की परत क पासनं सुरू करते तेव्हा कुठं ब सापडतो. 'स' तर उलटाच काढते. जाऊबाईंचा त्याच वयाचा मुलगा पेपरातल्या हेडलाईन वाचतोय म्हणे, सासूबाई रोज क्लासचं काढतात. टेन्शन आलंय.

बालवाडीताई: क्लास नको ओ एवढ्यात. पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हं, आधी कानाला कळाय पाहिजे की शब्द तुकड्यातुकड्यांचा असतोय. 'रंकाळा' म्हणत टाळ्या वाजवायला लावा, तीन येतात का बघा, मग विचारा रं काढला तर काय उरलं? काळा! पोरं लई हसतात, आणि हेच खरं वाचनाच्या आधीचं काम. अक्षरं ओळीनं कशाला, क म ल र एवढी घ्या आणि लगेच काना जोडा, कमल, काल, माल, लाल (माकड नको अजून, त्यात ड आहे), चार अक्षरांत शब्द वाचला की पोरगी खूश. वेलांटी मागनं घ्या, 'मिसळ'च्या बोर्डावर वेलांटी म च्या आधी दिसती आणि बोलताना नंतर येती, तिथं सगळीच अडकतात.

पेठेतला_बाप: आम्ही पाटीवर बाराखडी गिरवूनच शिकलो की, काय बिघडलं?

बालवाडीताई: बिघडलं काय न्हाई दादा, पण सगळी बाराखडी धरली तर 400 च्या आसपास आकार होतात, अर्थ नसताना ते घोकायचं म्हंजे पोरगं कंटाळणारच.

कागलकर: उलटा स सहा-सात वर्षांपर्यंत चालतोय, घाबरू नका. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 ला आलं त्यात पण तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं असंच आहे. रात्री गोष्ट वाचताना ओळीखाली बोट फिरवत जावा फक्त. ऐकू नीट येतंय का ते मात्र एकदा तपासून घ्या, आमच्या भाच्याचं तेच निघालं.

शाहूपुरीची_आई: थँक्यू सगळ्यांना. इंग्लिश मिडीयमला आहे ती, दोन्ही एकदम केलं तर गोंधळ होईल का?

बालवाडीताई: न्हाई होत. टाळ्यांचा खेळ दोन्हीकडं उपयोगी पडतोय. फक्त इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा, डब्ल्यू म्हणायचं आणि वाचायचं व, तर तिथं आवाजच आधी सांगा.