भरल्या ढेमशांत गूळ-बेसन नको, मग सारण धरेल कसं?

हिंगणघाटकर:
सासऱ्यांना शुगर आहे. गूळ-बेसन न घालता ढेमसे भरले, तर सारण सुटून गंजात (पातेल्यात) उतरलं आणि चवही फिकी. अर्धा किलोला प्रमाण सांगा, तेल कमीच हवं.

चुलीजवळ:
बेसन हरभऱ्याचं, ते शुगर झपकन चढवत नाही. पण तेल फार पितं, म्हणून जवस घ्या.

नख सहज रुतलं तर ढेमसं कोवळं. निबर असेल तर बिया काढा. साल नुसती खरवडा, देठ ठेवा, खालून अधिकच्या खुणेसारखी चीर पाऊण खोलीपर्यंतच. आत मीठ चोळून 10 मिनिटं पालथे ठेवा. हे पाणी आधी गळालं नाही, तर शिजताना तेच सारण धुऊन काढतं. तुमचं बहुधा इथंच बिघडलं.

सारणाला 3 मोठे चमचे फल्लीदाण्याचं कूट, 2 जवस, 1 तीळ, 8 लसूण पाकळ्या, थोडं आलं, दीड लहान चमचा तिखट, 1 धनेपूड, अर्धा काळा मसाला, हळद, मूठभर सांबार (कोथिंबीर). मीठ बेतानं. जवस कोरडेच मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार झाल्यावर कुटा. 2 चमचे पाणी घालून 5 मिनिटं ठेवलं की चिकटपणा येतो, सारण धरतं. जवस वाढवाल तर बुळबुळीत होईल.

4 लहान चमचे तेलाची फोडणी, ढेमसे एकाच थरात, चीर वर. झाकणीवर पाणी, मंद आच, 15-20 मिनिटं. सराट्यानं (उलथन्यानं) एकदाच फिरवा. खाली लागायला आलं, तर झाकणीवरचं गरम पाणी कडेनं सोडा, ढेमशांवर नको.

तव्यावरची भाकर:
फिकेपणावर गूळ नाही, आंबट घाला. अर्धा लहान चमचा आमचूर, नाहीतर एक लहान कांदा निखाऱ्यात भाजून वाटा. खजूर-मध सांगणारे भेटतील. ते गुळाचेच भाऊ.

हिंगणघाटकर:
आणि भाकर किती द्यायची?

चुलीजवळ:
शुगर चढते ती ढेमशानं कमी, भाकरीच्या संख्येनं जास्त. पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भाकर एकदम तोडू नका, शुगर खाली घसरू शकते. आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. आणि जवस लागेल तेवढेच कुटा, कुटलेले लवकर खवट होतात.