मदत हवी आहे : आप्पांना वाचायला टॅब घ्यायचाय, ८ इंची की ११ इंची की त्याहून मोठा?

ओट्यावरून

नमस्कार मंडळी. आमचे आप्पा ७४ वर्षांचे. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात, हायस्कूलात मराठी शिकवून निवृत्त झालेत. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तिन्ही दिवस सकाळच्या एसटीने जायचे आणि रात्री दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत यायचे. आई म्हणाली, आता एक तर पुस्तकं राहतील घरात नाही तर मी.

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लांबचं फक्कड दिसतं, गल्लीच्या टोकाशी कोण वळलं ते माझ्याआधी सांगतात. जवळच्यासाठी चष्मा लागतो, नंबर +२.५. अडचण अशी की आता त्यांचं निम्मं वाचन मोबाइलवर आलंय. मित्रमंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतात : कुणाच्या अहिराणी कविता, कुणाचं आत्मचरित्र. आप्पा ते वाचतात आणि शुद्धलेखन तपासून परत कळवतात. मास्तरकी सुटत नाही. शिवाय साहित्य संस्कृती मंडळाच्या साइटवरची जुनी पुस्तकं मी उतरवून देतो, आणि सकाळी ई-पेपर.

मी माझा जुना ८ इंची टॅब त्यांना दिला. दोन दिवसांनी बाजेवर उशाशी पडलेला. विचारलं तर म्हणाले, "हाई काय मुंग्यास्नी रांग शे का रे?" दोन बोटांनी मोठं करून वाचायचं म्हटलं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे ओढावं लागतं. त्यात ओळ चुकते, मग चिडतात.

जळगावला एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने सरळ सांगितलं, "काका, जितका मोठा घ्याल तितकं बरं." आणि सगळ्यात महागाचा पुढे केला. हातात घेतला तर वरवंटा. आप्पांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो, तो त्यांच्याच्याने पाच मिनिटंही धरवणार नाही.

बजेट २० हजारांच्या आसपास. खेळ, सिनेमे काही नको, फक्त वाचायला. नेमके किती इंच घ्यावेत?


शेवभाजी_कडक

किंडल घ्या आणि सुटा. कागदासारखा पडदा, डोळ्यांत उजेड येत नाही, ओट्यावर उन्हातही दिसतो, वजन पाव किलोच्या आत. २०१६ पासून मराठी पुस्तकंसुद्धा मिळतात त्यावर. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. माझी आई रोज वाचते.


ओट्यावरून

किंडलचा विचार केला होता. पण त्यावर विकत घेतलेलं पुस्तक असेल तर अक्षर मोठं होतं आणि ओळी आपोआप खाली सरकतात. आप्पांच्या पीडीएफ तशा नाहीत. पान म्हणजे फोटोच. ७ इंची किंडलवर मुंग्या नाही, मुंग्यांची अंडी दिसतील. मोठं १० इंची येतं, पण ते बजेटच्या बाहेर.


कळण्याची_भाकरी

ओट्यावरून, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत. इंच मोजू नका. इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. वाचणाऱ्याला कर्णाचं काय करायचंय, त्याला रुंदी हवी. आणि टॅब हल्ली लांबट असतात, म्हणजे कर्ण मोठा दिसला तरी उभा धरल्यावर रुंदी बेताचीच.

मी हिशेब केलाय, नेहमीच्या १६:१० आकाराच्या टॅबचा, उभा धरून. ८ इंचीची रुंदी भरते १०.८ सेंटिमीटर, १०.१ इंचीची १३.६, ११ इंचीची १४.८. आता ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ए-४ पीडीएफ ८ इंचीवर निम्मी होते. टाइप करणाऱ्याने १२ चा फाँट ठेवला असेल तर आप्पांना तो ६ चा दिसतो. औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यातला प्रकार. १०.१ वर तोच फाँट जेमतेम ८ चा, ११ वर साडेआठचा.

छापील मराठी पुस्तकांचं गणित वेगळं. बरीचशी डेमी आकाराची असतात, साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १४ सेंटिमीटर रुंद. अशा पुस्तकाचं स्कॅन ११ इंचीवर मूळ पुस्तकापेक्षा केसभर मोठंच दिसेल. म्हणजे मंडळाच्या पुस्तकांना ११ पुरे. घोडं अडतं ते ए-४ वर.

आणि विकत घेण्याआधी एक करा. अमळनेरला कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे जा. आप्पांच्या मित्राच्या कवितेचं एक पान ए-४ वर प्रिंट काढा आणि त्याच्या झेरॉक्स मागा : ५१ टक्के, ६५ टक्के, ७० टक्के. या झाल्या तुमच्या ८, १०.१ आणि ११ इंची. वरचा साइज हवा असेल तर ९४ टक्क्यांची पण काढा, ती आयपॅडच्या १२.९ इंचीची, कारण तो लांबट नाही, ४:३ आहे. आप्पांना चष्मा लावून वाचायला द्या. दहा-वीस रुपयांत काम. दुकानातलं पोरगं काय म्हणतं ते सोडा.


धुळ्याचा_चष्मेवाला

वरच्यांचं गणित बरोबर आहे, पण त्यांनी अंतर धरलेलं नाही, आणि आमचा सगळा धंदाच अंतराचा.

ऑपरेशनमध्ये साधी भिंगं बसवली असतील (बहुतेकांना तीच बसवतात, लांबचं स्पष्ट दिसणारी) तर डोळा स्वतःहून जवळ-लांब करू शकत नाही. +२.५ चा चष्मा म्हणजे १ भागिले २.५, ०.४ मीटर. ४० सेंटिमीटरवर एकदम स्वच्छ, त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे चालतं, पुढे धूसर. म्हणून मोठा टॅब घेऊन टेबलावर स्टँडला उभा केला आणि आप्पा खुर्चीत मागे रेलून ६०-६५ सेंटिमीटरवरून वाचू लागले, तर अक्षर मोठं असूनही पुसट दिसेल. मग म्हणतील टॅब खराब आहे. आमच्याकडे महिन्यातून दोन-चार जण येतात असे.

दुसरं, चष्मा दुहेरी काचेचा आहे का? असेल तर वाचायचा भाग खाली असतो. टॅब डोळ्यांसमोर ठेवला की माणूस हनुवटी वर करून बघतो आणि अर्ध्या तासात मान धरते. टॅब खाली हवा, मांडीवर उशी आणि उशीवर टॅब. नुसत्या वाचनाचा वेगळा एकेरी चष्मा करून घेतला तर फारच उत्तम.

आणि हो, पडद्याकडे बघताना माणूस पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, वर कूलरचा झोत थेट तोंडावर. कूलरसमोर बसून वाचायला देऊ नका.


मेहरूणची_बोरं

एवढा खटाटोप करण्यापेक्षा आप्पांना टीव्हीवर लावून द्या की. ४३ इंच. कविता एकदम होर्डिंगसारखी.


कळण्याची_भाकरी

मेहरूणची बोरं, तो टीव्ही ओट्यावर कोण उचलून आणणार?


ओट्यावरून

मंडळी, झेरॉक्स झाल्या. झेरॉक्सवाल्याला वाटलं मी गंमत करतोय. एकच पान चार मापांत काढून मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच मिळालं असणार.

रविवारी सकाळी आप्पांना ओट्यावर बसवलं. ५१ टक्क्यांचा कागद त्यांनी हातात घेतला आणि न बोलता परत दिला. ६५ चा वाचायला लागले, पण हळूहळू नाकाजवळ ओढत गेले. चष्मेवाल्यांनी सांगितलं होतं म्हणून मी टेप लावूनच बसलो होतो : २८ सेंटिमीटर, आणि कपाळाला आठ्या. ७० चा पूर्ण वाचला, पण मध्ये दोनदा चष्मा पुसला. ९४ चा हातात घेतला आणि मोठ्यानेच वाचायला लागले, "पाव्हणे"मधला "व" अर्धा का, असं म्हणून खिशातला लाल पेन काढला. म्हणजे डोळ्यांचा कौल ९४ ला, १२.९ इंचीला.

मग वजनाची परीक्षा. कॅलेंडरचा पुठ्ठा १२.९ च्या मापाने कापला, मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत ७०० ग्रॅम तूरडाळ चिकटवली. (आई स्वयंपाकघरातून सगळं बघत होती. डाळ परत डब्यात जाणार असेल तरच, म्हणाली.) दहा मिनिटांत पुठ्ठा मांडीवर. ११ इंचीचा पुठ्ठा आणि ४८० ग्रॅम डाळ मात्र उशीच्या टेकूने अर्धा तास टिकली.

थोडक्यात, डोळ्यांना १२.९ हवा आणि हातांना ११ झेपतो. आणि १२.९ चा खर्च मला झेपत नाही. आडवा धरून बघू म्हटलं, ११ इंची आडवा केला तर रुंदी २३.७, म्हणजे ए-४ पेक्षा मोठीच. पण पान अर्ध्याहून कमी दिसतं, सारखं सरकवावं लागतं, आणि सरकवताना आप्पांची ओळ हरवते. त्यांना पान उलटायची सवय, सरकवायची नाही.


कळण्याची_भाकरी

वा, डाळीचं डोकं आवडलं.

आता माझीच चूक दुरुस्त करतो. मी आख्ख्या ए-४ चा हिशेब मांडला, पण आख्ख्या ए-४ वर अक्षरं कुठे असतात? चारी बाजूंनी समास सोडलेला असतो. नेहमीच्या टायपिंगमध्ये तो एकेका बाजूला अडीच सेंटिमीटर. मजकुराची रुंदी उरते १६. तो कोरा समास पडद्यावर दाखवायची गरजच काय? पीडीएफ उघडायची काही अ‍ॅप्स समास छाटून दाखवतात. केओरीडर आणि लायब्रेरा ही दोन मी वापरलीत. एकदा सेटिंग केलं की मजकूरच पडदाभर.

मग ११ इंचीवर १६ सेंटिमीटरचा मजकूर १४.८ मध्ये बसतो, ९३ टक्के. म्हणजे तुमच्या आप्पांनी लाल पेन काढला जवळजवळ तोच आकार. उंचीही जमते : मजकूर २४.७, त्याचे ९३ टक्के २३, पडदा २३.७. पान एका दमात दिसतं, सरकवायला नको, टिचकी मारली की पुढचं. हीच युक्ती ८ इंचीवर केली तर ६७ टक्क्यांवरच अडकते, म्हणून तुमचा जुना टॅब तसाही कामाचा नाही. १०.१ वर ८५ टक्के. पैसे कमी पडले तर चालेल, पण मी ११ च घेईन.

एक बघून घ्या मात्र. स्वस्तातल्या टॅबवर पडदा मोठा आणि ठिपके कमी अशी चलाखी असते. १०.१ इंचावर १२८० बाय ८०० असेल तर इंचाला १५० ठिपकेसुद्धा येत नाहीत. इंग्रजी खपून जातं, देवनागरीत "लक्ष्मी"तला "क्ष्म" गिचमिड होतो आणि ऱ्हस्व-दीर्घ उकारातला फरक पुसट होतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाला तो टॅब देणं म्हणजे छळच. ११ इंचावर १९२० बाय १२०० तरी हवेत, तिथे २०५ ठिपके मिळतात.

ई-पेपरचं विसरा. वर्तमानपत्राचं पान कुठल्याच टॅबवर धड वाचता येत नाही. बातमीवर बोट ठेवलं की तेवढीच मोठी उघडते, तसं वाचायला शिकवा.


धुळ्याचा_चष्मेवाला

चकाकी घालवणारी खरखरीत काच मिळते, ती लावून घ्या. ओट्यावर बसणार म्हणजे मागचं आभाळ सगळं पडद्यात दिसणार. अक्षर किंचित मऊ दिसतं त्याने, पण ११ इंचीवर चालून जाईल.


ओट्यावरून

घेतला. ११ इंची, १९२० बाय १२००, वजन ४८० च्या आसपास, बजेटमध्ये बसला. दुकान बदललं.

मंडळाच्या साइटवरचं एक जुनं पुस्तक आधी लावून दिलं. तासभर हाक मारली तरी ओ नाही. मग मित्राच्या कविता समास छाटून. पुठ्ठ्याचा सराव झालेलाच होता, उशी आपणहून मागितली. चष्मा दुहेरीच निघाला, चष्मेवाल्यांचं ऐकून वाचायचा वेगळा टाकलाय, पुढच्या आठवड्यात मिळेल. तोवर हनुवटी जरा वरच असते.

आता नवीनच अडचण. चूक दिसली की आप्पांना समासात लिहून ठेवायचं असतं. टॅबवर लिहायचा पेन मागतायत, तोही लाल. आणि समास तर मी छाटून बसलोय. वाचताना छाटलेला आणि लिहिताना परत आलेला, असं काही जमतं का कुणाला माहीत आहे?