‘सूचित संमती’ की ‘जाणती संमती’?

प्रश्न : गोव्यात एमएच्या मुलांना संशोधननीती शिकवते. ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’साठी, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्याने सगळे समजून घेऊन दिलेल्या होकारासाठी, बऱ्याच टिपणांत ‘सूचित संमती’ असते. मला ते खटकते. ‘त्यांच्या बोलण्यातून नकार सूचित झाला’ असे आपण म्हणतो. मग सूचित संमती म्हणजे तोंडाने न बोलता नुसती मान हलवून दिलेली, असाच अर्थ मुले घेतात. दुसरा शब्द आहे का?

उत्तर : खटकायलाच हवे, ताई. हा शब्द हिंदी वळणाचा आहे. हिंदीत ‘सूचना’ म्हणजे माहिती. आपली सूचना फलकावर लागते. २००५ चा कायदा हिंदीत ‘सूचना का अधिकार’ आणि मराठीत ‘माहितीचा अधिकार’ झाला, तो यामुळेच. ‘माहितीपूर्ण संमती’ही चालते, पण माहितीपूर्ण लेख असतो, संमती देणाऱ्याला माहिती हवी. मी ‘जाणती संमती’ वापरतो. फॉर्मवर मात्र सरळ ‘समजून-उमजून दिलेली संमती’ लिहावे.

प्रश्नकर्ती : ‘जाणती’ आवडला. एआयमुळे तर तो फारच लागेल. धालोंवर (गोव्यातल्या बायकांच्या नाचगाण्यांवर) प्रबंध करणारी एक मुलगी पौषात मांडावर, म्हणजे धालो होतात त्या जागी, गाणी रेकॉर्ड करून आली. म्हाताऱ्या बायका ‘हय गो, घे’ म्हणाल्या. तिने ती फाइल शब्दांकनासाठी एका ऑनलाइन एआय साधनात चढवली. गाण्यांच्या मध्ये बायका घरच्या, सुनांच्या गोष्टी बोलल्या होत्या, त्याही गेल्या. तिच्या मते संमती होती.

उत्तर : होती, पण रेकॉर्डिंगपुरती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संमती मुक्त, माहितीवर आधारलेली, बिनशर्त, निःसंदिग्ध आणि विशिष्ट असावी असे म्हटले आहे. यातले ‘विशिष्ट’ वर्गात ठासून सांगा. एका कामासाठी दिलेला होकार दुसऱ्या कामाला लागू होत नाही. आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, तिथे किती दिवस राहील, त्यावर पुढचे मॉडेल शिकवले जाईल का, हे त्या बायकांना कोणी सांगितले? मुलीला स्वतःला तरी ठाऊक होते का? जिला माहीत नाही, ती जाणती संमती घेणार कशी!

प्रश्नकर्ती : मग फॉर्ममध्ये वेगळी ओळ घालते: ‘तुमचा आवाज इंटरनेटवरच्या यंत्राकडून लिहवून घेऊ का? नको असेल तर मी स्वतः ऐकून लिहीन.’ आणि ती कोकणीत वाचून दाखवायची, नुसती सही घ्यायची नाही.