हुकूमनामा झाला आहे, पण ऋणकोचा पैसा शेअर्स आणि ठेवींत आहे. वसुली कशी करावी?

प्रश्नकर्ता (सांगली):
पुरवलेल्या मालाच्या थकबाकीबद्दल गेल्या वर्षी दिवाणी न्यायालयाने माझ्या बाजूने हुकूमनामा दिला असून अपिलाची मुदतही संपली आहे. प्रतिवादीच्या नावावर घर किंवा जमीन नाही. मात्र डिमॅट खात्यात शेअर्स, बँकेत मुदत ठेव आणि पीपीएफमध्ये शिल्लक असल्याचे त्याच्याच उलटतपासणीत आले होते. यांपैकी कशावर जप्ती आणता येईल, आणि सुगावा लागताच त्याने सारे काढून घेऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर (दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जांची, कामे पाहणारा वकील):
मुदतीच्या कायद्याने १२ वर्षे दिली असली, तरी आपण दोन वर्षांच्या आतच दरखास्त दाखल करावी. दोन वर्षे उलटल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २२ प्रमाणे ऋणकोला आधी नोटीस काढावी लागते, आणि ती त्याला आवराआवर करण्याची आयती संधी ठरते.

शेअर्सची जप्ती नियम ४६ खालील मनाई हुकमाने होते. त्यामुळे ऋणकोला शेअर्स हस्तांतरित करता येत नाहीत आणि त्यांवरचा लाभांशही घेता येत नाही. हुकमाची प्रत कंपनीला जातेच, परंतु शेअर्स डिमॅट असल्याने डिपॉझिटरी (शेअर्स इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी संस्था) आणि डीपी (डिपॉझिटरी पार्टिसिपंट, म्हणजे तिच्या वतीने डिमॅट खाते चालवणारी बँक किंवा दलाल) यांच्यावरही हुकूम बजावून घ्यावा, कारण खाते गोठवणे त्यांच्याच हातात असते. पुढे नियम ७६ प्रमाणे जाहीर लिलावाऐवजी दलालामार्फत विक्रीची परवानगी न्यायालयाकडे मागता येते.

ठेवीसाठी आधी नियम ४६ खाली जप्ती घ्यावी आणि मग नियम ४६अ खाली शपथपत्रासह बँकेला गार्निशी नोटीस (ऋणकोचे देणे लागणाऱ्या त्रयस्थाला न्यायालयाची नोटीस) काढून घ्यावी. बँकेला एकतर देणे असलेली रक्कम न्यायालयात भरावी लागते, नाहीतर हजर होऊन कारण सांगावे लागते.

पीपीएफचा विचार सोडून द्यावा. कलम ६० ने त्याला जप्तीपासून संरक्षण आहे.

दुसरे उत्तर:
वरील सल्ला योग्य आहे, पण शेअर्स आधीच तारण ठेवलेले असतील, तर तारणधारकाचा हक्क पुढे राहतो आणि आपल्याला उरलेल्या मूल्यावरच समाधान मानावे लागते. ठेवीवर बँकेने कर्ज दिले असेल, तरी तेच. ठेव संयुक्त नावाने असल्यास दुसऱ्या नावाचा माणूस हरकत घेईल, म्हणून पैसे मुळात कोणाचे, याचा पुरावा आतापासून जमवावा.

नियम ४१ खाली ऋणकोकडून मालमत्तेचे शपथपत्र मागवता येते, आणि ते न दिल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येते. मात्र या अर्जापासून सुरुवात करू नये. जे ठाऊक आहे त्यावर आधी जप्ती घ्यावी, उरलेल्याचा शोध नंतर.

प्रश्नकर्ता:
बँकेची शाखा आणि खाते क्रमांक दाव्यात निशाणी पडलेल्या (पुराव्यात दाखल झालेल्या), न वटलेल्या धनादेशावर आहेत. डीपीचे नाव मात्र मिळालेले नाही.

उत्तर (वकील):
मग बँकेवरील जप्तीचा अर्ज दरखास्तीसोबतच द्यावा आणि त्या धनादेशाची प्रमाणित नक्कल जोडावी. डीपीसाठी ऋणकोच्या पॅनच्या आधारे एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन्ही डिपॉझिटरींकडून तपशील मागवावा, अशी विनंती न्यायालयाला स्वतंत्र अर्जाने करावी.